चाळीस विहिरी आणि एक बाटली

बोईसरच्या एका बँकेत पितळेचा बिल्ला घेऊन बसणाऱ्या लोकांत एक गृहस्थ असे होते, की त्यांचा आकडा पुकारला तरी ते जागचे हलत नसत. कॅशियर "सतरा!" म्हणून ओरडे. पुन्हा ओरडे. मग काचेवर किल्ली वाजवी. सतरा नंबरचा बिल्ला मुठीत धरून हे समोरच्या बाकावर पेपर वाचत बसलेले असत. शेवटी कॅशियर वैतागून म्हणे, "अहो मास्तर, या ना आता!" त्यासरशी ते उठत, पेपराची नीट घडी घालत आणि खिडकीशी जाऊन म्हणत, "आलो. हाक मारलीत, बरं वाटलं."

मी पाच वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. पूर्वी कधीतरी सोलापूरकडे त्यांनी गणित शिकवलं होतं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर हे काही नाव नव्हे, तो हुद्दा झाला, अशी त्यांची तक्रार असे; पण निदान आकडा तरी नाही, म्हणून ते चालवून घेत. त्यांचं खरं नाव मी इथे लिहिलेलं नाही, कारण या हकिगतीतली बरीच माणसं अजून हयात आहेत आणि त्यांतली काही पेन्शनीत आहेत. मास्तर असते, तर एवढ्या एका कारणावरून त्यांनी हे लिखाण मला परत पाठवलं असतं.

आमचं ऑफिस हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. काम साधं: तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या गावांतल्या चाळीस विहिरींचं पाणी दर तीन महिन्यांनी तपासायचं, आणि कुठलं पिण्यालायक आहे, कुठलं नाही, ते ग्रामपंचायतींना कळवायचं. शेजारच्या खोलीत प्रयोगशाळा होती, म्हणजे एक ओटा, दोन बर्नर आणि वासाला न कंटाळणारे दोघे तरुण. आकडेवारीचं काम मास्तरांकडे आणि माझ्याकडे. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता, आणि बोईसरमध्ये घड्याळ नसलं तरी चाले, कारखान्यांचे भोंगे होते.

त्या साली आमच्याकडे कॉम्प्युटर आला. मुंबईच्या एका संशोधन संस्थेनं जुना झाला म्हणून दिलेला. पण आमच्या प्रमुखांनी त्याचं स्वागत नवरदेवासारखं केलं. पडद्याला झेंडूचा हार, दाराशी नारळ, आणि 'एकविसाव्या शतकाचं पाऊल' या विषयावर पाऊण तास भाषण. हाराच्या पाकळ्या कीबोर्डात पडल्या आणि पुढे महिनाभर एक बटण रुसलेलं होतं. भाषण संपल्यावर प्रमुखांनी काही शंका आहेत का, असं विचारलं. शंका विचारायच्या नसतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांनी हात वर केला.

"याचं नाव काय?"

"कशाचं?"

"मशीनचं."

"सिस्टिम," प्रमुख म्हणाले.

"हे म्हणजे मुलाचं नाव मुलगा ठेवण्यासारखं झालं," असं म्हणून मास्तर खाली बसले.

मशीनबरोबर टेपवर संख्याशास्त्राची एक कॉम्प्युटर-भाषा आली होती. तिचं नाव 'एस'. फक्त एस. मास्तरांना ते मुळीच पसंत पडलं नाही. "एक अक्षर? ज्यानं ठेवलं त्याला गाडी पकडायची असणार." पण महिन्याभरातच त्यांचं त्या भाषेवर प्रेम बसलं, आणि त्याचं कारण होतं तिच्यातली 'लिस्ट'. लिस्ट म्हणजे कप्प्यांची मांडणी. एका कप्प्यात आकडा ठेवा, दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात आणखी एक अख्खी लिस्ट. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक कप्प्याला नाव देता येतं. लिस्टचं नाव, मग डॉलरची खूण, मग कप्प्याचं नाव असं लिहिलं की तो कप्पा ओ देतो. आमच्यापैकी कुणी आयुष्यात खरा डॉलर पाहिला नव्हता, आणि मास्तर दिवसभर तो टाइप करत बसत.

त्यांनी चाळीस विहिरींची लिस्ट केली. प्रत्येक विहीर एक कप्पा. तिच्या पोटात आणखी कप्पे: खारटपणा, जंतू, गढूळपणा, पाणी कोणी काढलं, कधी काढलं. विहिरीला नाव तिच्या मालकाचं, आणि तेही अर्धवट नव्हे. गाव, आडनाव, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मध्ये टिंबं. इंग्रजी अक्षरांत ते असं लांबलचक होई की एका विहिरीला हाक मारेपर्यंत माझा चहा गार होत असे. कप्प्यांना क्रमांकानंही बोलावता येतं. पहिला, दुसरा, तेविसावा. तीन बटणांत काम. मी एकदा तसं सुचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला सातपाटीच्या बंदरावर घेऊन गेले.

होड्या लागल्या होत्या. चार-पाच घरांची मासळी एकाच हातगाडीवर चढवत होते. टोपल्या सगळ्या सारख्या. फक्त प्रत्येकीच्या कडेला एकेक चिंधी बांधलेली. एक हिरवी, एक जुन्या लुगड्याच्या काठाची, एक कुणाच्या तरी पोराच्या शर्टाची. मास्तरांनी तिथल्या एका बाईला विचारलं, "बाई, त्यातली चौथी टोपली कोणाची हो?"

"चवथी कुठली?"

"ती, अशी मोजत आलं की चौथी."

"कुठसून मोजत आलं की? आता गाडी वलवली की तीच पयली हुईल." ती बाकीच्या बायांकडे बघून हसली. "ती पारूची हाय. आकडा घालून मासा खानार काय, दादा?"

परतीच्या एस.टी.त मास्तर एवढंच म्हणाले, "ऐकलंत ना?" मी ऐकलं होतं. पटलंही होतं. पण पटणं आणि वळणं यांत अंतर असतं, ते मी पुढे मोजलं.

त्यांच्या घरी मी कधीमधी जात असे. त्यांच्या पत्नी स्वभावानं मोकळ्या होत्या. त्या सांगत, "लग्नात सगळ्यांनी आग्रह केला म्हणून मी उखाण्यात यांचं नाव घेतलं. एवढी लाजले होते. तर हे मांडवात सगळ्यांसमोर म्हणतात, पूर्ण घ्या. आडनाव राहिलं!" पुढे सासरी आल्यावर मास्तर त्यांना वडीलधाऱ्यांदेखत नावानं हाक मारत. त्या काळी बायकोला "अगं" म्हणायचे किंवा नुसतं खाकरायचे. सासूबाईंनी म्हणे आठ दिवस अबोला धरला. "अबोला माझ्याशी," त्या म्हणत, "यांच्याशी नाही. म्हणजे गुन्हा यांचा आणि शिक्षा मला." मास्तर शेजारी बसून पोहे खात हे सगळं ऐकत, आणि म्हणत, "पण मी हाक मारली ती चूक नव्हती."

हा त्यांचा अवघड भाग होता. त्यांची बाजू बहुतेक वेळा बरोबर असे, आणि तरी त्यांच्याबरोबर राहणं दमवणारं असे. ऑफिसच्या हजेरीपटात नावाआधी अनुक्रमांक होता, तर त्यावर ते रोज पट्टी ठेवून मगच सही करत. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर क्रमांकाच्या चिकटपट्ट्या लावलेल्या त्यांनी एकदा सगळ्या भिजवून काढल्या आणि गळ्यात दोऱ्यानं नावाच्या चिठ्ठ्या बांधल्या. तरुणांनी बडबड केली, पण चिठ्ठ्या राहिल्या. त्या राहिल्या म्हणूनच पुढचं निभावलं.

त्या वर्षीचा अहवाल एका समारंभात प्रकाशित व्हायचा होता. मुंबईहून पाहुणे येणार, शाल येणार, फोटोवाला येणार. प्रमुखांनी अहवालाला प्लॅस्टिकचं आवरण आणि वर सोनेरी अक्षरं ठरवून टाकली होती. आत काय असेल ते ठरवायचं काम माझ्याकडे राहिलं, कारण मास्तर नेमके त्या आठवड्यात बहिणीच्या आजारपणासाठी सोलापूरला गेले होते. जाताना म्हणाले, "नावानं बोलवा. वेळ लागेल, लागू दे."

वेळ नव्हता. प्रमुख दर तासाला डोकावत होते. त्यात एक अडचण निघाली. घिवलीच्या पहिल्या विहिरीचा गाळ काढणं चालू होतं, त्यामुळे तिचं पाणी मिळालंच नव्हतं. आणि कारकुनानं तिच्या कप्प्यात सगळीकडे शून्य भरून ठेवलं होतं. जंतू शून्य म्हणजे पाणी उत्तम. हे खोटं होतं. तो कप्पा रिकामा करावा म्हणून मी त्यात 'नल', म्हणजे 'काही नाही', भरलं. माझी समजूत अशी, की कप्पा राहील आणि आत काही राहणार नाही. एस भाषेत तसं होत नाही. नल भरलं की कप्पाच नाहीसा होतो, आणि पुढचे सगळे एकेक घर सरकून जागा भरून काढतात. त्यांची नावं त्यांच्याबरोबर सरकतात, म्हणून नावानं हाक मारणाऱ्याला काही फरक पडत नाही. मी क्रमांकानं बोलावलं. एक ते चाळीस. उत्तरं लिस्टमधून क्रमानं घेतली, आणि त्यांच्यासमोर नावं ठेवली ती नोंदवहीतल्या क्रमानं. म्हणजे घिवलीपासून पुढे प्रत्येक विहिरीच्या नावासमोर तिच्या शेजारणीचं पाणी.

एक कप्पा कमी झाल्यावर शेवटी मशीननं ओरडायला हवं होतं, की चाळिसावा कप्पा नाही. ते ओरडलं नाही. कारण लिस्टच्या शेवटी मास्तरांनी एक एकेचाळिसावा कप्पा ठेवलेला होता. प्रयोगशाळा दर वेळी एक बाटली शुद्ध केलेल्या पाण्याचीही तपासत असे, आपली उपकरणं खरं बोलतात की नाही हे पाहायला. तिचं उत्तर त्या कप्प्यात होतं. एक गेला, एक जादा होता. मला चाळीस हवे होते, चाळीस आले. मी टायपिस्टकडे कागद दिला आणि घरी जाऊन झोपले.

समारंभ छान झाला. प्रमुख म्हणाले, "चाळीसच्या चाळीस विहिरी!" टाळ्या पडल्या. एक विहीर तपासलेलीच नाही हे मलाही त्या क्षणी आठवलं नाही. टाळ्यांत मीही होते.

अहवालाप्रमाणे चाळीसांत एकच विहीर खराब निघाली होती. घिवलीच्या जानकीबाईंची.

आठ दिवसांनी त्या स्वतः आल्या. साठीच्या, काटक, हातात छत्री, आणि मागून जिना चढणारा टमटमवाला, कारण त्याला त्यांनी थांबायला सांगितलं होतं आणि भाडं आधी द्यायला नकार दिला होता. मास्तर आदल्याच दिवशी परतले होते.

"कोन तो पानीवाला सायेब?" जानकीबाई दारातूनच म्हणाल्या. "माज्या विहिरीवर लाल फुली मारलीय. वर फली ठोकलीय. माज्या सासऱ्यानं खनलेली विहीर हाय ती. अख्खी वाडी पानी न्यायची. आता माज्या घरचा हंडाबी कोन शिवत नाय. काय घान हाय माज्या पान्यात, ता दाखव मला."

प्रमुखांनी आतून मान बाहेर काढली, "बाई, कॉम्प्युटरनं सांगितलंय," असं म्हणाले आणि मान परत आत घेतली.

मास्तरांनी खुर्ची पुढे केली. "बसा. तुमचं पूर्ण नाव सांगा."

"जानकी."

"पूर्ण."

त्यांनी नवऱ्याचं नाव घ्यायला जरा वेळ घेतला, मग पदराआड घेतलंच. मास्तर टाइप करत होते. लिस्ट, डॉलर, घिवली, आडनाव, नाव, नवऱ्याचं नाव, डॉलर, जंतू. मी मागे उभी होते. मला काही भीती वाटत नव्हती, हे आता लिहिताना लाज वाटते. पडद्यावर उत्तर आलं: शून्य.

मास्तरांनी छापील अहवाल उघडला. जानकीबाईंच्या नावासमोर जंतूंचा आकडा ठळक होता. त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग अहवालाचं शेवटचं पान काढलं. शेवटची विहीर शिरगावची. खारटपणा शून्य, गढूळपणा शून्य, जंतू शून्य.

"समुद्राच्या काठची विहीर," मास्तर हळूच म्हणाले, "आणि मिठाचा कण नाही. हे विहिरीचं पाणी नाही. हे बाटलीतलं आहे." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही कसं बोलावलंत?"

"क्रमांकानं," मी म्हणाले. "आणि घिवलीच्या पहिलीत नल भरलं होतं."

मला वाटलं ते रागावतील. त्यांना वेळ नव्हता. जानकीबाईंचा चेहरा उजळला होता. "मंजी माजा पानी चांगला हाय ना? मंग लिवून दे. फली काडायला सांग."

"देतो," मास्तर म्हणाले. "पण बाई, तुमची चांगली असून खराब ठरली, म्हणून तुम्ही भांडायला आलात. जिची खराब असून चांगली ठरली, ती भांडायला येणार नाही. ती पाणी पीत बसली असेल."

त्यांनी मशीनला विचारलं, जंतू कुणाच्या पोटात आहेत. एकच नाव आलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. घिवलीचे गणपत तांडेल. अर्थात नोंदवहीत जानकीबाईंच्या लगेच पुढचे.

जानकीबाई उठून उभ्या राहिल्या. "आमच्या बाजूचा गनपत? आरं देवा. त्याच्या पोरीची आज हलद हाय! गाव जेवनार हाय तिथं!"

मास्तर प्रमुखांच्या खोलीत गेले. मी दाराशी होते. प्रमुख सगळं ऐकून म्हणाले, "पुढच्या तिमाही बैठकीत शुद्धिपत्रक काढू."

"हळद आज आहे."

"मास्तर, अहवाल वरती गेलाय. पाहुण्यांच्या हस्ते गेलाय. आता आपणच उठून तो चुकीचा म्हणायचं? जरा पद्धत असते."

"गाडी देता का?"

"गाडी समारंभाच्या खुर्च्या पोचवायला गेलीय."

मास्तरांनी चपला घातल्या. लिस्टचा छापील कागद घेतला, दोन निर्जंतुक बाटल्या पिशवीत टाकल्या आणि मला म्हणाले, "चला." टमटमवाला उत्तरेकडचा होता. त्याला मराठी कळत होतं, पण राग हिंदीत येई. "साब, ये माताजी का भाडा पहले का बाकी है."

"चल रे," जानकीबाई म्हणाल्या, "लगनघरात जातो. जेवूनच जा."

"वहाँ जेवण का मना करने को तो जा रहे हैं," तो म्हणाला. ते खरं होतं.

दुपारचे तीन वाजले होते. तांडेलांच्या दारात मांडव, चुलाण्यांवर मोठी पातेली चढायच्या तयारीत, बाया भाजी चिरायला बसलेल्या. विहिरीवर रहाट सारखा फिरत होता आणि पिंपं भरत होती. गणपत तांडेल उंच, भारदस्त माणूस, नव्या सदऱ्यात. मास्तरांनी सरळ सांगितलं, की या विहिरीचं पाणी आज वापरू नका.

तांडेल आत गेले आणि ग्रामपंचायतीकडून आलेला कागद घेऊन बाहेर आले. आमचाच.

"ह्यो तुमचाच कागद ना? इथं लिवलाय, पिन्यास योग्य. आता तोंडानं दुसरा बोलता? कोन खरा, कागद का तोंड?"

"कागदावर नाव तुमच्या विहिरीचं आहे. पाणी दुसऱ्या विहिरीचं आहे. आमची चूक झाली."

"कोनाची चूक?"

"माझी," मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी परत विचारलं, आणि मला परत सांगावं लागलं. मांडवातले सगळे वळून बघत होते.

"बाय," तांडेल म्हणाले, "आज माज्या लेकीची हलद हाय. व्याही गावात आलेत. आज माज्या दारात येऊन तुमी पानी घान हाय बोलता? परवा या. परवा कायबी बोला."

"परवा लोक आजारी पडलेले असतील," मास्तर म्हणाले.

"आमी जल्मभर ह्याच पानी पितो."

"संडासाचा खड्डा कधी खणलात?"

तांडेलांची नजर तिकडे गेली. खड्डा विहिरीपासून पंधरा पावलांवर दिसत होता; नवं घर, नवा खड्डा. पण तेवढ्यानं ते नमले नसते. मान खाली घालून भाजी चिरणारी त्यांची बायको विळीवरून न उठता म्हणाली, "चार दिस पोरांना हगवन लागलीय. मी बोलत व्हते तुमाला. तुमी बोलले, जिलेबी खाल्ली."

"तू गप."

"मी गप व्हते, म्हून चार दिस झाले."

रहाट थांबला. कुणी थांबवला ते मला दिसलं नाही. तांडेल कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "मंग काय करू? एवड्या मान्सांना पानी कुठसून आनू? बाजूच्या विहिरीवर सरकारची फुली हाय."

जानकीबाई एवढा वेळ मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. एवढे दिवस याच मांडवातल्या बायांनी त्यांचा हंडा बाजूला ठेवला होता. आता त्यांची पाळी होती, आणि त्यांनी ती सोडली नाही. "काल माज्या सुनेला सांगितलास, हंडा लांब धर. आता कोन लांब धरनार, गनपत?" मग मास्तरांकडे वळून, "लिव रे तू. कवापासून बोलतोस, देतो देतो."

मास्तरांनी खिशातून पेन काढलं. ऑफिसचा शिक्का नव्हता, ऑफिसचा कागद नव्हता. लग्नाच्या सामानाची यादी लिहायला ठेवलेल्या वहीतलं एक पान फाडून घेतलं. त्यावर लिहिलं, की श्रीमती जानकी अमुक अमुक यांच्या विहिरीचं पाणी तपासणीत पिण्यास योग्य आढळलं आहे, अहवालात चूक झाली आहे, विहिरीवरची फळी काढावी, आणि याची जबाबदारी खाली सही करणाऱ्याची आहे. खाली स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि घरचा पत्ता.

मी त्यांना बाजूला घेतलं. त्यांना निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. विहीर उघडायचा अधिकार ना त्यांना होता, ना मला. आणि आमच्या हातात पुरावा काय, तर त्याच लिस्टचा एक कागद. प्रयोगशाळेतच बाटल्यांची अदलाबदल झाली असेल तर?

"बाटल्यांच्या गळ्यात चिठ्ठ्या होत्या," मास्तर म्हणाले.

"मग खाली माझीही सही घ्या. चूक माझी आहे."

"तुमच्यासाठी वेगळं काम आहे."

तांडेलांनी कागद दोनदा वाचला. "आनि तुमी खोटे पडलात तर?"

"तर या नावाच्या माणसाला धरायला या. पत्ता लिहिलाय."

फळी तांडेलांच्या धाकट्या भावानं पहारीनं काढली. पिंपं रिकामी केली, घासली, आणि मग जानकीबाईंच्या विहिरीवरून तांडेलांच्या मांडवापर्यंत हंड्यांची रांग लागली. मास्तरांनी दोन्ही विहिरींचं पाणी आणलेल्या बाटल्यांत भरून घेतलं, चिठ्ठ्या बांधल्या, आणि आम्हाला जेवायचा आग्रह झाला तरी थांबले नाहीत. टमटमवाला मात्र जेवला.

प्रयोगशाळेचं उत्तर यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मास्तर नेहमीसारखे ऑफिसात आले, नेहमीसारखे पट्टी ठेवून सही करत राहिले. नंतर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, की घरी त्यांनी दोन दिवस ताटाला हात लावला नव्हता. तिसऱ्या सकाळी उत्तर आलं. लिस्टनं नावानं जे सांगितलं होतं, तेच. जानकीबाईंचं पाणी स्वच्छ, तांडेलांचं नाही. हळदीला जेवलेलं कुणी आजारी पडलं नव्हतं.

मग मला माझं काम कळलं. चाळीस पत्रं. प्रत्येक विहीरमालकाला एक. त्याचं पूर्ण नाव, त्याच्या विहिरीचा खरा निकाल, चूक काय झाली आणि कोणी केली. टाइप करायचं नाही, हातानं लिहायचं. "चाळीस वेळा नाव लिहिलंत, की पुन्हा क्रमांकानं बोलवायचा मोह व्हायचा नाही," ते म्हणाले. मला शिक्षा वाटली. सतरा-अठरा पत्रांनंतर वाटेनाशी झाली, कारण तोवर मला त्या विहिरी ओळखू यायला लागल्या होत्या. प्रमुखांनी पत्रांवर सही करायला नकार दिला, तेव्हा ती माझ्या सहीनं गेली. सगळ्यांत लांबलेलं उत्तर शिरगावहून आलं. त्या गृहस्थांनी तालुक्यातलं सर्वांत शुद्ध पाणी म्हणून विहिरीवर पाटी रंगवून घेतली होती, आणि ती काढायला ते तयार नव्हते.

अधिकार नसताना विहीर उघडल्याबद्दल मास्तरांना मेमो मिळाला. त्यावर फक्त कर्मचारी क्रमांक होता. त्यांनी तो 'या नावाची व्यक्ती आढळली नाही' असं लिहून परत पाठवला. दुसरा नावानिशी आला. तो त्यांनी सही करून घेतला. त्यांची एक वेतनवाढ थांबली. निवृत्तीच्या दिवशी समारंभ ठरला होता, तो त्यांनी होऊ दिला नाही. त्या वर्षीचा अहवाल मागे मात्र कधीच घेतला गेला नाही. सोनेरी अक्षरांसकट तो अजून कुठल्यातरी कपाटात असेल, आणि त्यात ती विहीर अजून बंद असेल.

पत्रं गेल्यावर महिन्याभरानं जानकीबाई पुन्हा आल्या. या वेळी जिना सावकाश चढून, हातात छत्री आणि सुक्या बोंबलांची पिशवी. त्यांच्याकडे कागद होता, माझं पत्र. नातवाकडून वाचून घेतलं होतं.

"ही कोन, लिवनारी?"

मी उठले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तूच ती, मांडवात बोललेली? हलू बोलतेस गं. लिवतेस बरा." पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली, खुर्चीवर बसल्या आणि पदरानं वारा घेत म्हणाल्या, "पानी दे पोरी. चढून घसा सुकला."

मी कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून आणला. त्यांनी तो हातात घेतला, ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबवला.

"ह्यो पानी कुठला?"

"खालच्या टाकीतलं."

"तपासलाय?"

प्रयोगशाळेतले दोघे आमच्याकडे बघत होते. तीन वर्षं आम्ही सगळे तेच पाणी पीत होतो, तालुकाभरच्या बाटल्या तपासून दमल्यावर. मास्तर जागेवरून उठले, जानकीबाईंच्या हातातून पेला अलगद काढून घेतला, कपाटातून एक बाटली आणि दोरा आणला आणि टाकीकडे निघाले.

"बसा बाई," जिन्यावरून त्यांचा आवाज आला. "दोन दिवसांत सांगतो."

"तवर तहानेली ऱ्हाऊ?" जानकीबाई म्हणाल्या, आणि छत्रीत गुंडाळून आणलेली स्वतःची बाटली काढून घटाघटा प्यायल्या.